बालवाडीतला उन्हाळा पुण्याचाच असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की शहरभर उन्हाळी शिबिरांच्या पाट्या लागतात आणि वर्तमानपत्रांची पानेही त्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. यंदा त्यांतल्या बऱ्याच जाहिराती तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, हे पाहून एक जुनी बालवाडी शिक्षिका म्हणून हे पत्र लिहावेसे वाटले. शिबिरांना माझा सरसकट विरोध नाही. आईवडील दोघेही नोकरीवर जातात अशा घरांतले मूल सुट्टीत तीन-चार तास सुरक्षित जागी रमले, तर तेवढ्यानेही घराला मोठा आधार होतो. प्रश्न आहे तो त्या तीन-चार तासांत मुलाच्या हाती काय पडते याचा.

माझी साडेचार वर्षांची नात सुट्टी लागण्याआधी शाळेतून ‘समर’ या विषयाच्या रंगवायच्या पानांचा एक जाडजूड संच घेऊन आली. पहिल्या पानावर समुद्रकिनाऱ्यावरची पट्ट्यापट्ट्यांची छत्री, दुसऱ्यावर वाळूचा किल्ला, तिसऱ्यावर काळा चष्मा लावलेला सूर्य आणि पुढे कुठेतरी तीन आइस्क्रीम मोजून तीनच्या आकड्याला रेघ जोडायची. पुण्याच्या मुलाला समुद्र पाहायचा झाला तर घाट उतरावा लागतो, पण ते असो. नातीने सगळी पाने रेषेबाहेर न जाता नीट रंगवली आणि मग मला विचारले, “आजी, समर आणि उन्हाळा एकच असतं का गं?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. तिच्या घरात त्या वेळी ओट्याशेजारी माठ पाझरत होता, डब्यात कैरीच्या फोडी मीठ लावून ठेवलेल्या होत्या, गॅलरीत दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळत होते आणि खाली रस्त्यावर बहावा पिवळाधमक झाला होता. त्यांतले काहीही त्या संचात नव्हते. त्यामुळे तिच्या लेखी ‘समर’ हा पानावरचा एक धडा होता आणि उन्हाळा म्हणजे निराळेच काहीतरी.

या वयाचे मूल हाताने, जिभेने आणि नाकाने विचार करते, ही गोष्ट महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात जन्मलेल्या त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. मग पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच साधने झाली आणि वाडी-वस्तीवरच्या मुलांना त्यांच्या ओळखीच्या वस्तूंतूनच लहान-मोठे, जड-हलके, कमी-जास्त शिकवले गेले. मुले बालवाडीकडे येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचारही तिथलाच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे या वयाला पायाभूत स्तर म्हटले आहे आणि खेळातून व कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. कोसबाडला जे झाडाखाली चालत होते, ते पाऊणशे वर्षांनी धोरणात आले. वर्गात मात्र अजून छापील पानेच येतात, कारण ती पालकांना दाखवता येतात आणि फाइलला लावता येतात.

पुण्याचा उन्हाळा या कामासाठी किती उपयोगी आहे, हे सांगण्यासाठी माठाचे एकच उदाहरण जरा विस्ताराने देते. आमच्या बालवाडीत मी दरवर्षी एक माठ आणि त्याच्या शेजारी स्टीलची कळशी ठेवत असे. सकाळी दोन्हींत नळाचे सारखेच पाणी भरायचे आणि तासा-दोन तासांनी मुलांना दोन्हींवर तळहात ठेवायला लावायचे. कळशी कोरडी आणि कोमट लागते, माठ ओला आणि गार लागतो. एकदा एका मुलाने बराच वेळ हात न काढता विचारले, “बाई, माठ रडतोय का?” दुसरी म्हणाली, “नाही, त्याला घाम आलाय.” ही दुसरी कल्पना शास्त्राच्या फार जवळची आहे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, वाळताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते आणि म्हणून आतले पाणी गार राहते. घामाने आपले अंग गार होते तेही याच कारणाने. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा कोरडी असल्यामुळे इथे माठ जसा गार होतो तसा मुंबईच्या दमट हवेत होत नाही. म्हणजे हा प्रयोग खास आपल्या गावाचा आहे. यातले बाष्पीभवन वगैरे शब्द मुलांना सांगण्याचे काहीच कारण नाही. त्यांनी हात लावावा, ‘गार’, ‘कोमट’, ‘ओलसर’, ‘झिरपणे’ हे शब्द आपण बोलता बोलता वापरावेत आणि त्यांच्या उत्तरांना चूक म्हणू नये, एवढेच मोठ्यांचे काम.

याच धाग्याने पुढे बरेच काही करता येते. जुना रंगाचा ब्रश आणि वाटीभर पाणी दिले की मूल शहाबादी फरशीवर चित्र काढते आणि ते डोळ्यांदेखत नाहीसे होते; उन्हातले लवकर, सावलीतले उशिरा. पाणी कुठे गेले, या प्रश्नाला “सूर्यानं प्यायलं” असे उत्तर आले तर ते तसेच राहू द्यावे. फुलपात्रातून वाटीत आणि वाटीतून तांब्यात न सांडता पाणी ओतणे हे मनगटाला वळण लावणारे काम आहे आणि पेन्सिल धरण्याआधी मनगटाला अशा कामाची गरज असते. चार ओळी गिरवून घेणाऱ्या शाळांनी तेवढा वेळ ओतण्याला द्यावा. ते पाणी झाडाला गेले की वायाही जात नाही.

दुसरी गोष्ट सावलीची. सकाळी आठला मुलाला उभे करून खडूने त्याच्या सावलीभोवती रेघ ओढावी आणि नऊ वाजण्याच्या आत त्याच जागी पुन्हा उभे करावे. सावली आखूड झालेली पाहून मूल हमखास आपले पाय तपासते. पुण्यात तर या खेळाला वर्षातून दोनदा शेवटचे टोक येते. आपले शहर साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने १३ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशीच दडते. जुलैअखेरीसही तसा दिवस येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीतल्या मुलांना हे कधीच पाहायला मिळत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर किंवा गॅलरीत ऊन येत असेल तिथे एक डबा उभा ठेवावा आणि मुलांनी आतूनच पाहावे, दोन मिनिटे पुरेत. त्यासाठी कुणालाही भर दुपारी अंगणात उभे करू नये.

कैरीविषयी किती लिहावे? मंडईत तोतापुरी, राजापुरी आणि गावठी अशा कैऱ्या एकाच वेळी मिळतात. लहानापासून मोठीपर्यंत रांग लावणे, हाताने तोलून जड कोणती ते ओळखणे, डोळे मिटून वासावरून कैरी आणि लिंबू वेगळे करणे, हे सगळे गणित आणि भाषा या दोन्ही खात्यांत जमा होते. चैत्रगौरीच्या दिवसांत पन्हे घराघरांत होतेच. उकडलेल्या कैरीचा गर हाताने कुस्करणे, त्यात गूळ विरघळताना पाहणे आणि मीठ घालण्याआधी व घातल्यानंतर चव घेणे, यांतून आंबट, तुरट, खारट, गोड हे शब्द जिभेवर बसतात ते कायमचे. कैरीच्या देठाचा चीक मात्र मोठ्यांनी आधी धुऊन काढावा, तो कोवळ्या कातडीला भाजतो. आंबे सुरू झाले की एक कोय कुंडीत पुरावी. कोंब यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि रोज उकरून पाहण्याचा मोह आवरणे हेही या वयाला मोठेच शिक्षण आहे.

वाळवणाची गोष्ट तशीच. साबुदाण्याचे शिजवलेले मिश्रण कोमट झाल्यावर चमचा-चमचा कागदावर घालणे पाच वर्षांच्या मुलाला सहज जमते. पापड्या घातल्या तेव्हा किती होत्या, कावळ्याने किती नेल्या, दुसऱ्या दिवशी त्या आकसल्या का, वाजतात का, हे पाहताना मोजणे आपोआप होते आणि तळल्यावर तीच पापडी कशी फुलते हे पाहून मूल थक्क होते. (सोसायटीच्या गच्चीची किल्ली कशी मिळवावी, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

झाडांच्या बाबतीत पुणे श्रीमंत आहे. बहावा, गुलमोहर आणि आपल्या राज्याचे फूल असलेला ताम्हण, हे सगळे एप्रिल-मेमध्ये रस्त्यावरच फुलतात. गुलमोहराच्या पडलेल्या फुलात चार पाकळ्या लाल असतात आणि पाचवी पांढुरकी, ठिपक्यांची असते; ‘वेगळी पाकळी शोधा’ या खेळासाठी छापील पान लागत नाही. काटेसावरीची बोंडे फुटून कापूस उडू लागला की त्यामागे धावण्यासाठीही कुणाला शिकवावे लागत नाही. पण इथे एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे. आमच्या लहानपणी आम्ही पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आणि गुंजांनी सर्रास खेळत असू. त्या बिया विषारी आहेत आणि या वयाची मुले प्रत्येक वस्तू तोंडात घालतात, म्हणून त्या त्यांच्या हाती पडू देऊ नयेत. चिंचोकेसुद्धा तीन वर्षांचे मूल नाकात घालू शकते, तेव्हा ते मोजायला द्यायचे तर शेजारी बसूनच द्यावेत. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यातले पाणी रोज बदलावे, नाही तर चिमण्यांच्या आधी डासांची सोय होईल.

उन्हाचे भान ठेवूनच हे सगळे करायचे आहे. लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि खेळात ते तहान विसरते. बाहेरचे खेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, सैल सुती कपडे, टोपी आणि मागितले नाही तरी अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी, हे पाळावेच लागते. बागेतल्या पत्र्याच्या घसरगुंडीला आपण आधी हात लावून पाहावा. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शासनाने २०२४ मध्ये सांगितले, ते योग्यच आहे. पण शिबिरही नऊलाच भरले, तर त्याला उन्हाळ्यातली खरी गार वेळ सापडतच नाही. आठच्या कोवळ्या उन्हातली सावली आणि पक्षी हे म्हणूनच आजी-आजोबांच्या आणि पालकांच्या वाट्याचे काम आहे, शिबिरांनी त्याची जाहिरात करू नये.

वस्त्यांतल्या अंगणवाड्यांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय थांबता येत नाही. अंगणवाड्या जिच्यातून उभ्या राहिल्या ती एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. तिची मुले शिबिरांच्या जाहिरातींत कधी दिसत नाहीत. पत्र्याचे छत असलेल्या एका खोलीत एप्रिलच्या अकरा वाजता वीस-पंचवीस मुलांना बसवणे म्हणजे काय, हे तिथल्या सेविकांना विचारावे. वर सांगितलेल्या कृतींना माठ, वाटी, खडू आणि दोन कैऱ्या यांपलीकडे काही लागत नाही, त्यामुळे त्या तिथेही होऊ शकतात आणि अनेक सेविका स्वतःच्या हिमतीवर तसे करतातही. त्यांना गरज आहे ती छतावर टाकायला गोणपाटाची, पिण्याच्या पाण्याची आणि जवळच्या झाडाखाली वर्ग भरवण्याच्या परवानगीची. महापालिकेने आपल्या बागांतला एखादा सावलीचा कोपरा सकाळच्या वेळी परिसरातल्या अंगणवाडीसाठी राखून ठेवला, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती. मे महिना संपेपर्यंत रोज चार ओळींची एक चौकट द्यावी आणि तीत घरच्या वस्तूंनी करता येईल अशी एकेक कृती पालकांसाठी छापावी. पहिल्या आठवड्याचा मजकूर मी विनामोबदला लिहून देईन. १३ मेच्या सावलीची आठवण त्या दिवशीच्या सकाळच्या अंकात आली तर दुपारपर्यंत डबे मांडायला पुरेसा वेळ मिळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
कोथरूड, पुणे