त्या मुलीचे आणि कंडक्टरदादांचे मनापासून आभार

नातीचा तिसरा वाढदिवस. तिच्यासाठी दोन महिने खपून विणलेला स्वेटर ज्या पिशवीत होता, तीच मी बसमध्ये विसरले. लक्षात आलं तोवर गाडी निघून गेलेली. माझे पायच लटपटले. बाकावरची एक मुलगी उठली, मला बसवलं, पाणी दिलं आणि माझं तिकीट घेऊन चौकशी खिडकीकडे धावली. कंडक्टरदादांनी पुढच्या थांब्यावरून पिशवी परतीच्या गाडीत पाठवली. तासभर ती मुलगी माझ्याजवळच होती, स्वतःची बस सोडून! स्वेटरचं एक बटण निघालं होतं. मला सुईत दोरा ओवता येईना, तोही तिनेच ओवून दिला. घाईत तिचं नाव विचारायचं राहिलं. पोरी, नात तो स्वेटर घालूनच झोपली गं.