निर्जन बेटावर काय न्याल? रविवारची बैठक

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ ला रामबागेत नेहमीच्या हॉलमध्ये जमायचंय. निर्जन बेटावर एकटं राहायची वेळ आली तर करमणुकीला काय न्याल, हे सांगायचं. बीबीसी रेडिओवर १९४२ साली सुरू झालेला हाच खेळ, तिथे पाहुणा आठ रेकॉर्ड, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू निवडतो, आपण वेळ बघून तीन गाणी, एक पुस्तक, एक वस्तू ठेवलंय.

– गाणी आधीच डाउनलोड करून आणा, हॉलमध्ये नेटवर्क मिळत नाही
– "सगळंच आवडतं" चालणार नाही, निवडायचंच, आणि का तेही सांगायचं, खरी मजा त्यातच आहे
– आजी-आजोबांना आणाच, कुमारजींना (गायक कुमार गंधर्वांना) देवासला समोर बसून ऐकलेली माणसं आहेत ती, त्यांचं ऐकायचं राहून गेलं तर चुटपुट लागेल

नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका. पोहे-जिरावण आहेच.