सॅक स्टेटला आत कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सवर लेख आला होता, विद्यापीठं खेळातून किती कमावतात, एकेका स्टेडियममध्ये लाख लाख माणूस कसा बसतो आणि आपल्याकडच्या विद्यापीठांनी यातून काहीतरी शिकायला हवं, असा एकूण सूर होता. लेख चांगला होता पण सगळी उदाहरणं वरच्या वीस-पंचवीस बड्या विद्यापीठांचीच. मी मूळचा कराडचा, आता बरीच वर्षं सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो, आणि आमच्या गावचं जे विद्यापीठ आहे ना, सॅक्रामेंटो स्टेट, सगळे सॅक स्टेट म्हणतात, ते आत्ता, जुलै २०२५ मध्ये, याच खेळाच्या दारात उभं आहे आणि आतून कडी लावलेली आहे. गेल्या महिन्यात जे झालं त्यावर इथे रोज वाद चाललेत, म्हटलं तुमच्या वाचकांनाही ही बाजू कळू दे.

आधी थोडक्यात सांगतो. इथला फुटबॉल म्हणजे तो अंडाकृती बॉलवाला, आणि कॉलेजांच्या वरच्या पातळीवर त्याचे दोन मजले आहेत, वरचा एफबीएस आणि खालचा एफसीएस. विद्यापीठं कॉन्फरन्समध्ये म्हणजे गटांमध्ये खेळतात, टीव्हीचे पैसे गटाला मिळतात आणि गट ते सभासदांत वाटतो. आता आपल्या रणजीत कसं, गोवा गेल्या सीझनला प्लेट गटात होतं, फायनलला नागालँडला हरवलं आणि एलिटमध्ये गेलं, विषय संपला. इथे तसं काही नाहीच. खालच्या मजल्यावर तुम्ही कितीही ट्रॉफ्या जिंका, वरच्या एखाद्या कॉन्फरन्सने बोलावलं तरच वर जायचं. नॉर्थ डकोटा स्टेटने २०११ पासून एफसीएसची दहा विजेतेपदं घेतलीत, दहा! आणि हे लिहितोय तोवर ते खालीच आहेत. कारण फार्गो हे छोटं गाव, टीव्हीवाल्यांना तिथे किती घरं मिळणार.

आता ही बोलावण्याची भानगड एवढी तापली कशी, तर आमच्या पश्चिमेची जुनी पॅक-१२ कॉन्फरन्स मोडली म्हणून. १९१५ पासूनची परंपरा होती हो. जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं, लॉस एंजेलिसची दोन्ही घरंच गेली म्हटल्यावर टीव्हीवाल्यांना बाकीच्यांत रस राहिला नाही, पुढच्या उन्हाळ्यात कमिशनरनी अॅपलच्या स्ट्रीमिंगचं डील समोर ठेवलं ते कुणाला पटलं नाही आणि मग ऑगस्ट २०२३ मध्ये एकाच दिवशी पाच जण पळाले, वॉशिंग्टन आणि ओरेगन बिग टेनला, अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सला. कोलोरॅडो तर आठवडाभर आधीच गेलेलं. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (म्हणजे बर्कलीचं विद्यापीठ) एसीसीत शिरले. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स बरं का, आणि ही दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या काठावर! तेही सात वर्षं टीव्हीच्या पैशाचा जेमतेम ३० टक्के वाटा घ्यायच्या कबुलीवर. यूसीएलएच्या पोरींना आता व्हॉलीबॉलच्या मॅचसाठी न्यू जर्सीतल्या रटगर्सपर्यंत विमानाने जावं लागतं, घड्याळ तीन तास पुढे, आणि परत आल्यावर सकाळचं लेक्चर आहेच. हे सगळं कशासाठी तर बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबरचा करार ७०० कोटी डॉलरच्या वर आहे म्हणून.

मागे राहिले दोघेच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पण त्यांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचं नाव आणि तिजोरी दोन्ही हातात ठेवलं आणि मग गेल्या सप्टेंबरात शेजारच्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉईझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट असे चौघं उचलले, पाठोपाठ युटा स्टेट. म्हणजे ज्यांना मोठ्यांनी लुटलं त्यांनी जाऊन धाकट्यांना लुटलं. एफबीएस कॉन्फरन्सला फुटबॉल खेळणारे आठ सभासद लागतात, यांचे झाले सात. एक खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर सॅक स्टेटने मनातल्या मनात रुमाल टाकून ठेवला.

खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं की होईल. शहरातल्या पुढाऱ्यांनी आणि धंदेवाल्यांनी मिळून सॅक-१२ नावाची कमिटी काढली, खेळाडूंच्या मानधनासाठी ५ कोटी डॉलरपेक्षा जास्तीचे वायदे गोळा झाल्याचं सांगितलं. नवीन २५,००० सीटचं स्टेडियम बांधायची घोषणा झाली. विद्यापीठाचे प्रेसिडेंट ल्यूक वुड स्वतः इथलेच माजी विद्यार्थी, माणूस उत्साही, प्रत्येक माइकसमोर हाच विषय. बास्केटबॉल टीमचा जनरल मॅनेजर म्हणून तर चक्क शकील ओ'नील आणला, तोही बिनपगारी, त्याचा मुलगा टीममध्ये आहे ते सोडा. सॅक्रामेंटो टीव्हीच्या हिशोबात देशातल्या पहिल्या वीसेक शहरांत येतं, राजधानीचं गाव आहे, आणि इथे एफबीएसची एकही टीम नाही. कागदावर सगळं बरोबर दिसत होतं.

पण कागद सोडून एखाद्या शनिवारी सॅक स्टेटच्या त्या हॉर्नेट स्टेडियममध्ये येऊन बसा. अमेरिकन नदीच्या पलीकडे गाडी लावायची, गाय वेस्ट ब्रिजवरून चालत यायचं (गोल्डन गेटची छोटी कॉपी आहे, नवे पाहुणे हमखास फोटो काढतात), आणि आत आलात की अॅल्युमिनियमची बाकडी, सप्टेंबरच्या उन्हात अशी तापलेली की घरून टॉवेल नेला नाही तर बसवत नाही. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत बसूनही खेळाडू लांबच दिसतात. २००० आणि २००४ ला ऑलिम्पिकसाठीच्या अमेरिकन अॅथलेटिक्स टीमची निवड चाचणी याच ट्रॅकवर झाली होती, म्हणजे जागेला इतिहास आहे, पण तो फुटबॉलचा नाही. संध्याकाळी डेल्टाकडून वारा सुटला की मात्र मस्त वाटतं, हिरवे-पिवळे टीशर्ट, बँडवाली पोरं, आणि शेजारच्या डेव्हिसच्या विद्यापीठाबरोबर मॅच असेल तर मग विचारूच नका. ती डेव्हिसची मंडळी पण बघा, त्यांनी फुटबॉलचा हट्ट न धरता बाकीचे खेळ पुढच्या वर्षीपासून माउंटन वेस्टमध्ये नेले, शांतपणे, ना कमिटी ना पत्रकार परिषद.

आणि टीम अगदीच लेचीपेची आहे असंही नाही. १ सप्टेंबर २०२३ ला स्टॅनफर्ड एसीसीत गेलं म्हणून सांगितलं ना, त्यानंतर दोन आठवड्यांनी, १६ तारखेला, सॅक स्टेटने त्यांच्याच मैदानावर त्यांना ३०-२३ हरवलं. गंमत म्हणजे स्टॅनफर्डचा कोच होता ट्रॉय टेलर, जो आदल्याच सीझनपर्यंत सॅक स्टेटचा कोच होता आणि बिग स्काय या त्यांच्या कॉन्फरन्सची तीन टायटल्स देऊन गेला होता. म्हणजे हरलेला वरच्या मजल्यावर, जिंकलेला खालच्या. हां, आता २०२४ ला ३-९ अशी धूळधाण झाली तेही सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल गावचा म्हणून लपवतोय.

तर जूनमध्ये काय झालं. एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेज स्पोर्ट्सचा कारभार बघणारी संस्था, तिचा नियम असा की खालून वर यायचं असेल तर एफबीएस कॉन्फरन्सचं खरंखुरं निमंत्रण पाहिजे, शिवाय फी, जी २०२३ पर्यंत ५,००० डॉलर होती ती केली ५० लाख डॉलर. सॅक स्टेटकडे निमंत्रण नव्हतं. त्यांनी अर्ज केला की आम्हाला या अटीतून सूट द्या, आम्ही २०२६ पासून कुठल्याही कॉन्फरन्सशिवाय स्वतंत्र खेळतो, पैसे भरतो. एनसीएएच्या कमिटीने आधीच नको म्हटलेलं, जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या कौन्सिलने अर्ज फेटाळला. आणि ३० जूनला पॅक-१२ ची ती आठवी खुर्ची टेक्सस स्टेटला गेली. तारीख बघा, ३० जून, कारण १ जुलै उजाडला असता तर त्यांना जुनी कॉन्फरन्स सोडायची भरपाई ५० लाखांची १ कोटी डॉलर पडली असती. टेक्सस स्टेट ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोच्या मधे सॅन मार्कोसला आहे, वॉशिंग्टन स्टेटच्या पुलमनहून तिथे मॅचला जायचं म्हणजे अर्धा देश ओलांडायचा, पण टेक्ससचे टीव्ही आणि टेक्ससची पोरं मिळतात ना, मग अंतर कोण मोजतंय.

माझं म्हणणं असं की एनसीएएने नियम पाळला यात चूक काही नाही, नियमच चुकीचा आहे. आत बसलेल्यांनीच ठरवायचं की नवीन कोणाला घ्यायचं, आणि प्रत्येक नवा माणूस म्हणजे आपल्या ताटातला घास कमी, तर ते कशाला बोलावतील? मग बोलावतात कोणाला, तर जो म्हणेल मला ताटच नको नुसतं पंगतीत बसू द्या. डॅलसच्या एसएमयूने तेच केलं, नऊ वर्षं टीव्हीचा एक डॉलर घेणार नाही या बोलीवर एसीसीत गेले. त्यांच्यामागे तेलवाले श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत, आठवडाभरात १० कोटी डॉलर जमले म्हणे, आणि पहिल्याच वर्षी टीम प्लेऑफला पोचली, त्यामुळे सगळ्या छोट्या विद्यापीठांना वाटायला लागलंय की आपणही एसएमयू. तिथे पेन स्टेटने ३८-१० धुतलं ते कोणी आठवत नाही.

सॅक स्टेट सरकारी आहे. कॅल स्टेट सिस्टिमचं, जिथे कामगारांची, शेतमजुरांची, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारी मुलं शिकतात, आपल्या ओळखीतल्यांचीही काही शिकतात. याच सिस्टिममधलं सोनोमा स्टेट इथून गाडीने दोनेक तासांवर, त्यांनी यंदा जानेवारीत बजेटच्या खड्ड्यामुळे सगळेच्या सगळे खेळ बंद केले, अनेक विषयांचे विभागही. मालक एकच, एका घरात चूल विझवली आणि दुसऱ्या घरात लग्नाचा मांडव घालायची घाई. आणि खर्च काय स्टेडियम बांधून संपत नाही, जूनमध्येच कोर्टाने जी तडजोड मंजूर केली त्यामुळे १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ही मर्यादा आहे, सक्ती नाही, पण समोरचा देतो म्हटल्यावर तुम्ही किती दिवस हात आखडता घेणार. देणगीदारांचे वायदे वायदेच असतात, टीम दोन वर्षं हरली की ते कुठे जातात ते आपण आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या निवडणुकीत पाहिलंय.

वुडसाहेबांची माणसं बॉईझीचं उदाहरण देतात. बरोबर आहे, बॉईझी स्टेट १९९६ ला बिग स्कायमधून वर गेलं आणि २००७ च्या १ जानेवारीला ओक्लाहोमाला ४३-४२ ने हरवलं, ती मॅच लोक अजून यूट्यूबवर बघतात, गेल्या सीझनला तर प्लेऑफला तिसरं सीड होतं. पण १९९६ ला बिग स्कायमध्ये बॉईझीच्या जागी आत कोण आलं माहितीये? सॅक स्टेट, आणि त्यांच्याबरोबर कॅल स्टेट नॉर्थरिज. नॉर्थरिजने २००१ नंतर फुटबॉलच बंद केला. बॉईझी तेव्हा गेलं होतं बिग वेस्ट कॉन्फरन्समध्ये, आणि त्या बिग वेस्टनेही २००० नंतर फुटबॉल सोडला. आता सॅक स्टेटने बाकीचे खेळ त्याच बिग वेस्टमध्ये न्यायचं ठरवलंय पुढच्या जुलैपासून, हा निर्णय माझ्या मते शहाणपणाचा आहे, मोंटानाच्या बर्फात जाण्यापेक्षा मुलं बसने सांता बार्बराला जातील, अभ्यास होईल, पैसे वाचतील. फक्त फुटबॉलला तिथे घर नाही आणि जुन्या घराला, बिग स्कायला, तर टाटा करून झालंय.

म्हणजे २०२६ ला कोणाशी खेळायचं हाच मोठा प्रश्न. कॉन्फरन्स असली की आठ मॅच आपोआप मिळतात, स्वतंत्र टीमला डझनभर प्रतिस्पर्धी स्वतः फोन करून शोधावे लागतात आणि बड्यांचं वेळापत्रक वर्षं वर्षं आधीच भरलेलं असतं. येत्या वर्षभरात माउंटन वेस्ट किंवा दुसरं कोणी बोलावेलही, या धंद्यात संध्याकाळी नाही म्हणणारे सकाळी हो म्हणतात. बोलावलं तर मी टॉवेल घेऊन जाणार, यात शंका नाही. पण कराराचा कागद सही करण्याआधी विद्यापीठाने सगळ्यांसमोर ठेवावा, टीव्हीचा वाटा किती वर्षं मिळणार नाही आणि तोवर तूट कोण भरणार, एवढे दोन आकडे मोठ्या अक्षरात. मी इथल्या पेपरलाही हेच लिहिलंय, अजून छापलं नाही.

आणि तुम्हाला एक विनंती, या विषयावर परत पुरवणी काढलीत तर ओहायो, मिशिगन, टेक्ससबरोबर अर्धं पान सोनोमालाही द्या. तिथल्या खेळाडूंनी खेळ चालू राहावेत म्हणून कोर्टाची पायरी चढली होती, त्यांच्याशी बोलणारा कोणीतरी तुम्हाला इथे नक्की मिळेल.

कळावे,
आपला एक नियमित ऑनलाईन वाचक
फॉल्सम, कॅलिफोर्निया
जुलै २०२५