चेरीचा आकार आणि फांदीचे वय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काश्मीरच्या चेरीचा हंगाम सुरू झाला की मुंबई-पुण्याच्या बाजारातील आवक आणि दर यांच्या बातम्या येऊ लागतात. फळ बारीक राहिले असल्यास त्याचे कारण बहुधा हवामान किंवा जुने वाण असे दिले जाते. दोन्ही कारणे खरी आहेत. परंतु फळ ज्या फांदीवर लागले तिचे वय काय, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते सुधारणेला सर्वाधिक वाव तेथेच आहे.

गोड चेरीचे फळ मुख्यतः दोन वर्षांच्या व त्याहून जुन्या फांद्यांवरील आखूड धुमाऱ्यांवर, म्हणजे ‘स्पर’वर लागते, थोडे फळ एक वर्षाच्या फांदीच्या बुडाशीही येते. चेरीच्या फळडोळ्यातून फक्त फुले निघतात. पाने येतात ती स्परच्या टोकावरील पानडोळ्यातून, आणि शेजारच्या फळांच्या पोषणाचा मोठा भार त्या मोजक्या पानांवर असतो. फांदी तरुण असताना ही पाने मोठी असतात, त्यांना भरपूर ऊन मिळते आणि फळडोळे बेताचे असतात. फांदी जुनी होत जाते तसतसे फळडोळे वाढतात, पाने लहान होतात, वरच्या फांद्यांची सावली पडू लागते. मग झाड बहराने भरलेले दिसले तरी फळ बारीक आणि गोडीला कमी निघते. पुढील वर्षाचे फळडोळे आदल्या उन्हाळ्यातच घडत असल्यामुळे यंदाच्या सावलीचे नुकसान पुढच्या हंगामातही भोगावे लागते.

यावरचा उपाय म्हणजे जुन्या फांद्या क्रमाक्रमाने काढून नव्या तयार करणे. ऑस्ट्रेलियातील किम ग्रीन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झुडूप पद्धतीत दरवर्षी झाडाच्या उभ्या फांद्यांपैकी सुमारे 20 टक्के, त्याही सर्वांत जाड, आखूड खुंट ठेवून कापतात. त्यामुळे झाडावर फार जुनी फांदी उरतच नाही आणि फळ जमिनीवर उभे राहून तोडता येते. मोठ्या जुन्या झाडांवर मात्र हे एका वर्षात करू नये. एकदम कडक छाटणी केल्यास झाड केवळ वाढीला लागते आणि फळ हातचे जाते.

आपल्याकडील द्राक्ष बागायतदारांना छाटणीचे महत्त्व सांगावे लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी हा त्यांच्या वर्षाचा कणाच आहे. परंतु द्राक्षाचा घड नव्या फुटीवर येतो, चेरीचे बहुतेक फळ जुन्या लाकडावर. त्यामुळे द्राक्षाची रीत चेरीला जशीच्या तशी लावता येत नाही. हिमाचल किंवा काश्मीरमध्ये बाग घेण्याचा विचार करणाऱ्यांनी हा भेद आधी समजून घ्यावा.

नवी लागवड आली की प्रश्न सुटेल, ही अपेक्षाही अपुरी आहे. जर्मनीत तयार झालेल्या गिझेला-5 सारख्या ठेंगण्या खुंटावर, म्हणजे झाड बुटके ठेवणाऱ्या मूळरोपावर, कलम केलेली झाडे लवकर आणि भरघोस फळतात. तेथे छाटणी टाळली तर पानांच्या मानाने फळे फार होतात आणि सगळीच बारीक राहतात. ज्या गुणासाठी हा खुंट निवडला जातो, त्याच गुणामुळे कात्रीची गरज वाढते. म्हणून रोपांच्या अनुदानाइतकेच महत्त्व छाटणीच्या प्रशिक्षणाला आणि कुशल मजुरांच्या मोबदल्याला मिळाले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

शेवटी वेळेचा मुद्दा. ओल्या, थंड हवेत केलेल्या जखमांतून चेरीला जिवाणूजन्य खैरा रोग लागतो, फांद्यांतून डिंक वाहतो आणि फांद्या वाळतात. त्यामुळे जाड फांद्या शक्यतो फळांच्या तोडणीनंतर, पुढे काही दिवस हवा कोरडी राहणार असेल तेव्हाच कापाव्यात, आणि सुरुवात शेंड्याकडील सावली करणाऱ्या एक-दोन फांद्यांपासून करावी, म्हणजे खालच्या स्परना त्याच उन्हाळ्यात ऊन मिळेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)