तोंडी इंग्रजीचा तास गोंगाटाचाच हवा

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी दहावीतली कित्येक मुलं 'माय नेम इज'च्या पुढे अडखळतात, कारण तासाला बोलतात ते फक्त गुरुजी. साठ मुलांच्या वर्गात एकेकाला उभं केलं तर वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं, हे खरं. पण जोड्या लावल्या की तीसजण एकाच वेळी बोलतात.

मी एक खेळ वर्षानुवर्षं घेतला. दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्यानं इंग्रजीत सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं. 'अंडर'ऐवजी 'ऑन' म्हटलं की मांजर थेट टेबलावर चढतं आणि चूक मुलांची त्यांनाच कळते. शेजारच्या वर्गातून तक्रार येते, येऊ द्या. मध्येच व्याकरण सुधारलं की मूल गप्प होतं, म्हणून चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटची पाच मिनिटं त्यांना द्यावीत.

तोंडी परीक्षेचे गुण मात्र अनेकदा घोकलेल्या चार ओळींवर वाटले जातात. त्याऐवजी ते अशा जोडीतल्या संवादावर द्यावेत, आणि तेही वर्षभरात थोडे थोडे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा