पार्लमेंट स्क्वेअरमधल्या फॉसेटबाई

प्रिय मंजू,

लंडनचं सविस्तर लिही म्हणालीस, पण राजवाडे आणि पूल तुला फोटोंत दिसतीलच. हे बुटांच्या दुकानात रमले तेवढ्यात मी एकटीच पार्लमेंट स्क्वेअरला जाऊन आले, तेवढंच लिहिते.

चर्चिल, मंडेला, आपले गांधीजी असे अकरा पुरुष तिथे उभे आहेत. बाई एकच, मिलिसेंट फॉसेट, आणि त्याही आल्या थेट २०१८ मध्ये! धुणं वाळत घालताना धरावं तसं ब्राँझचं फडकं दोन्ही हातांत धरून उभ्या आहेत. १८६६ साली बायकांच्या मताधिकारासाठी पार्लमेंटकडे अर्ज गेला, तेव्हा ही अठरा वर्षांची पोर सह्या गोळा करत होती. स्वतः सही करायला मात्र तिचं वय कमी पडलं. १९१८ मध्ये तिशीपुढच्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं, तेव्हा बाईंनी ऐंशी ओलांडली होती. काय चिकाटी गं!

पण मी गेले होते चौथऱ्यासाठी. त्यावर चळवळीतल्या आणखी एकोणसाठ जणांची नावं आणि चेहरे आहेत. लोक वरचा फोटो काढतात आणि चालू लागतात. मी वाकून वाकून सोफिया दुलीपसिंग शोधली. महाराजा रणजितसिंगांची नात, आणि 'मत नाही तर करही नाही' म्हणून हटून बसलेली. सरकारने तिची हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढली, तर चळवळीतल्याच एकीने ती विकत घेऊन तिला परत दिली!

१९११ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा लेक मिठनला घेऊन काश्मीरला गेल्या होत्या. तिथे ही सोफिया भेटली, 'बायकांना मत' असा बिल्ला लावलेली. हेराबाई त्या बिल्ल्यावरून या कामात पडल्या त्या पडल्याच. १९१९ मध्ये मायलेकी लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे बोलल्या. निर्णय शेवटी प्रांतांवर ढकलला गेला, आणि १९२१ मध्ये मुंबईच्या कौन्सिलने बायकांना पुरुषांच्याच अटींवर मत दिलं. मालमत्ता हवीच होती, म्हणजे तुझ्यामाझ्या पणज्या बाहेरच. तरी इंग्रज बाईला ही बरोबरी मिळायला आणखी सात वर्षं लागली, हे वाचून मी मनात जरा खूश झाले, खोटं कशाला सांगू!

हेराबाई मला शाळेत कुणी शिकवल्या नाहीत. तुला तरी? मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या, मिठन लाम या नावाने. तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत त्यांच्याबद्दल काही सापडलं तर माझ्यासाठी काढून ठेव, आल्यावर वाचते. आणि काकूंचा गुडघा आता कसा आहे ते कळव.

तुझी,
शैला