माहितीपट मालिकेच्या मराठी सबटायटल्सबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वसाहतकालीन इतिहासावरील मालिकेतील केनियाविषयीच्या भागाची अपुरी व सदोष मराठी सबटायटल्स

महोदय,

वसाहतींचा इतिहास युरोपीय राज्यकर्त्यांच्या नव्हे, तर ज्यांच्यावर राज्य केले गेले त्यांच्या तोंडून सांगणारी मालिका मराठी सबटायटल्ससह पाहता येईल, अशी जाहिरात वाचून मी आपली वार्षिक वर्गणी भरली. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, पण इतिहासाची तिला फार ओढ आहे.

केनियावरील भागात गोऱ्या अधिकाऱ्यांचे प्रत्येक वाक्य मराठीत आले आहे. ब्रिटिश वसाहत सरकारच्या कैद्यांच्या छावण्यांतून जिवंत परतलेली वृद्ध माणसे किकुयू या तिथल्या समाजाच्या भाषेत बोलू लागली की मात्र पडद्यावर ‘स्थानिक भाषेत बोलत आहे’ एवढेच उमटते. एक आजी बराच वेळ बोलतात, मध्येच थांबून डोळे पुसतात. तेव्हा आईने मला विचारले, ‘काय म्हणतेय गं ती?’ इंग्रजी सबटायटल्स लावली, तर आजींचे सगळे बोलणे तिथे होते. ज्यांचे म्हणणे ऐकवण्यासाठी ही मालिका काढली, नेमके त्यांनाच मराठीत गप्प केले गेले आहे.

शब्दांची निवडही तितकीच खटकणारी आहे. किकुयूंच्या सुपीक जमिनी काढून घेऊन त्या युरोपीयांसाठी राखून ठेवल्याचे ज्या प्रसंगात सांगितले आहे, तिथेच गोऱ्या जमीनमालकांना ‘शेतकरी’ म्हटले आहे, आणि हा शब्द वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जो उभा राहतो तो जमीन बळकावणारा खचितच नसतो. स्वतःला ‘जमीन व स्वातंत्र्य सेना’ म्हणवणारे लढवय्ये इथे ‘दहशतवादी टोळी’ झाले आहेत. कैद्यांच्या छावण्यांना ‘पुनर्वसन केंद्र’ म्हटले आहे. १९५२ मध्ये आणीबाणी लादणाऱ्या वसाहत सरकारचीच ही भाषा आहे. त्याच सरकारच्या होला येथील छावणीत मार्च १९५९ मध्ये ११ कैद्यांना मरेपर्यंत मारहाण झाली आणि हे कैदी पाणी प्यायल्याने दगावल्याचे आधी सांगण्यात आले. पुढे २०१३ मध्ये खुद्द ब्रिटिश सरकारने संसदेत या छळाची कबुली देऊन खेद व्यक्त केला आणि ५,२२८ दावेदारांशी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली. एवढे झाल्यावरही मराठी प्रेक्षकापुढे त्या छावण्या ‘पुनर्वसन केंद्र’ म्हणून याव्यात, याचे मला अतिशय वाईट वाटले. (झाशीच्या भागातही १८५७ चा उल्लेख सर्वत्र ‘शिपायांचे बंड’ असाच आहे.)

याबाबत मी दोनदा ऑनलाइन तक्रार नोंदवली. पहिल्या वेळी इंटरनेटचा वेग तपासण्यास व ॲप पुन्हा घेण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी सबटायटल्सचे काम बाहेरच्या संस्थेकडे असल्याचे उत्तर मिळाले. वर्गणी मी आपल्याकडे भरली आहे, त्यामुळे या कामाची जबाबदारीही आपलीच आहे.

किकुयू भाषेतील सर्व निवेदनांची मराठी सबटायटल्स द्यावीत, वर नमूद केलेले शब्द जाणकाराकडून तपासून दुरुस्त करावेत आणि ते होईपर्यंत ‘मराठीत उपलब्ध’ ही जाहिरात मागे घ्यावी, अशी माझी मागणी आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास वर्गणीच्या परताव्यासाठी मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. दरम्यान त्या आजींचे बोलणे मी आईला वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगितले आहे. पुढचे भाग आपली दुरुस्ती झाल्यावर पाहायचे, असे तिने ठरवले आहे.

आपली विश्वासू,
एक वर्गणीदार